तक्रार नाही

म्हापशात कोर्टाच्या जिन्याखाली माझं टेबल.
पानाला वीस रुपये, घाई असली तर पंचवीस.
शाणू हरमलकर आला तो शुक्रवार, बाजार भरात,
आणि खुर्ची उचलून त्यानं माझ्या दुसऱ्या बाजूला नेली.
मला वाटलं, पंख्याचा वारा लागत असेल.

पायलट आहे तो. काळी मोटरसायकल, पिवळा मडगार्ड,
स्टँडवरच्या रांगेत तिसरा नाहीतर चौथा.
भांडण नंबरावरून झालं, तेही दुसऱ्याच दोघांचं.
जीप आली, आणि जो जवळ होता तो आत गेला.
"पळालो नाही," तो म्हणाला, "हात वर होते.
हेल्मेट पण मीच काढलं, साहेबांशी बोलायचं म्हणून."
मग जरा थांबून,
"काढायला नको होतं."

अटकेला लागेल तेवढंच बळ, असं कायदा म्हणतो.
मी हे वाक्य इतक्यांदा टाइप केलंय
की बोटं आपोआप जातात.
तेवढंच म्हणजे केवढं, ते बोटांनाही ठाऊक नाही.
बाजारात सुंगटांचा वाटा घालणारी बाई
निदान वर एक चिमूट जास्त टाकते, तोंडावर सांगून.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, काही तक्रार?
बाई चांगल्या. मान वर करून विचारतात सगळ्यांना.
पण आवाज बारीक,
उजवीकडे शिपायाच्या बुटांची खटखट,
आणि डावीकडे नुसती शिट्टी,
गॅस बंद केला तरी न थांबणाऱ्या कुकरची.
शाणू गप्प उभा.
कारकुनानं लिहिलं: तक्रार नाही.

आझिलोतला पहिला कागद म्हणतो, बाहेरून इजा नाही.
खरंच आहे ते. बाहेरून कान कानासारखाच दिसतो.
बांबोळीचा दुसरा, नऊ दिवसांनंतरचा: डावा पडदा फाटलेला.
"या नऊ दिवसांत ते पाय रोवून उभे राहतील,"
कुन्हा वकीलबाई म्हणाल्या,
"म्हणतील, कुठं पडला कोण जाणे.
तू आधी फुटेज माग.
व्हरांड्यातला कॅमेरा जुनं पुसून नवं लिहितो,
त्याला कुणाचा राग नाही, लोभ नाही, फक्त जागा कमी."

तर मी लिहिलं: फुटेज जतन करावे.
तारीख लिहिली, वेळ लिहिली, जीपचा नंबर लिहिला.
एक अर्ज मॅजिस्ट्रेटना, एक पणजीला तक्रार प्राधिकरणाकडे,
तिथं काही झालं नाही तर पर्वरीचं हायकोर्ट, पण ते पुढं.
सगळं मराठीत लिही, तो हट्टानं म्हणाला.
स्टेशनात इंग्रजी कागदावर सही घेतली होती,
आता वाचता येईल त्यावरच करणार.

नुकसानभरपाई किती लिहू?
बराच वेळ तो कीबोर्डकडे बघत राहिला.
"गिऱ्हाईक मागनं सांगतं, हांगा वळव.
कुठल्या कानात सांगतं, कधी बघितलंच नव्हतं.
परवा एक बाई चार वेळा ओरडली म्हणे,
मी तिला थेट करासवाड्यापर्यंत नेलं.
उतरली ती पैसे न देता. बरोबरच आहे तिचं."
मी रकमेची जागा रिकामी ठेवली,
वकीलबाई भरतील.

"पणजीला परत विचारतील काय, तक्रार आहे का म्हणून?"
विचारतील, म्हटलं.
तो मान तिरकी करून बसला. आता तशीच असते त्याची मान.

शेवटी, नमुन्यात नसलेली एक ओळ मी घातली:
अर्जदारास प्रश्न विचारताना
कृपया उजव्या बाजूने विचारावा.

आणखी एक प्रत काढली, पोचपावतीसाठी.
गोल शिक्का मारून घे, तारीख दिसली पाहिजे, म्हटलं,
खुर्ची सरकवून, उजवीकडून.